फोड न येणारी लस

मंगळवार, ४ तारीख

ही वही नर्सबाईने दिली. पहिल्या पानापासून माझा आणि भिंगरीचा ताप लिहायचा आहे, सकाळ-संध्याकाळ, एकवीस दिवस. तेवढ्यासाठी अख्खी वही कशाला लागते? म्हणून मी ती उलटी केली आणि मागून लिहायला घेतली. पुढचं नर्सबाईसाठी, मागचं माझ्यासाठी. शाळा माझी चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं, पण वाचणार कोण आहे?

माझ्या धाकट्याला एमपॉक्स झालाय. सदतीस वर्षांचा घोडा, लग्न नाही, लाँड्रीची गाडी चालवतो. आधी ताप आला, मग मानेत गाठी, मग फोड. मी म्हटलं कांजिण्या. पण कांजिण्या त्याला दुसरीत असतानाच येऊन गेल्यात, आणि कांजिण्या तळहातावर अशा टपोऱ्या येत नाहीत. रविवारी दवाखान्यात फोडावरून कापूस फिरवून नेला, आज निकाल आला.

या रोगाला पूर्वी माकडाचं नाव होतं म्हणे. मी विचारलं, याला माकड कुठे भेटलं? नर्सबाई म्हणाली, माकडाचा काही संबंध नाही आजी, ज्याला आहे त्याच्या अगदी जवळ गेलं, कातडीला कातडी लागली, त्याचं अंथरूण-कपडे हाताळले, की कुणालाही होतो. मग माकडाला कशाला बदनाम केलं? त्या बिचाऱ्याला विचारलं तरी होतं का?

मग तिने धाकट्याला काही प्रश्न विचारायचे म्हणून मला खाली पाठवलं. आईसमोर बोलता येत नाही असं काय असतं? मी जिन्यात थांबले, पण हळू बोलत होते.

खाली येऊन तिने आमची लाँड्री पाहिली. विचारलं, शनिवारी त्याची चादर कुणी धुतली? मी म्हटलं, भिंगरीने. भिंगरी म्हणजे माझी नात, थोरल्याची मुलगी, बावीस वर्षांची. आईबाप दुसऱ्या शहरात नोकरीला, ही माझ्याकडे. इस्त्री तिच्याकडे असते. लहानपणापासून एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी.

"धुण्याआधी झटकली का चादर?"

"झटकली म्हणजे! माझ्या हाताखाली तयार झालीय."

आमच्या लाँड्रीत झटकल्याशिवाय चादर पाण्यात जात नाही. मागच्या दारात उभं राहून दोन टोकं धरायची आणि फाडकन झटकायची. चाळीस वर्षांत सुया निघाल्यात, कानातली निघालीत, एकदा अख्खी कवळी निघाली. शनिवारी भिंगरी म्हणाली होती, घरचीच चादर आहे आजी, टाकते तशीच. मी म्हटलं, घरची म्हणून काय लाड? झटक.

नर्सबाईने भिंगरीचे हात उलटेपालटे करून पाहिले. तिला जन्मापासून इसब आहे. कोपराच्या खोबणीत, बोटांच्या बेचक्यांत. साबणाच्या पाण्याने भेगा पडतात. म्हणूनच तिला इस्त्रीवर ठेवलीय, धुण्यावर नाही. शनिवारी धुणारी बाई आली नव्हती.

आता म्हणते, झटकायचं नाही. हातमोजे घालून चादर आतल्या आत गुंडाळायची आणि सरळ कढत पाण्यात. मला कपडे धुवायला शिकवते!

बुधवार, ५ तारीख

आज लशीवरून झालं. नर्सबाई सकाळीच आली आणि म्हणाली, दोघी केंद्रावर चला. रोगाच्या जवळ आल्यापासून चार दिवसांत लस घेतली तर तो बहुतेक वेळा अडतो. चौदा दिवसांपर्यंत देतात, पण उशिरा घेतली तर निदान जोर तरी कमी होतो. आणि भिंगरीने तर ती घ्यायलाच हवी, कारण इसब असलेल्यांना हा रोग भारी पडू शकतो.

सगळं उफराटं. इसब आहे म्हणून लस घ्या म्हणे! मला आपलं उलटंच ठाऊक आहे.

मी म्हटलं, "हिला लस चालत नाही."

"का?"

"लहानपणी टोचली तेव्हा सगळं अंग सुजलं होतं. मरता मरता वाचली."

"कोणती लस होती?"

"ते मला काय ठाऊक? मी काय कंपाउंडर आहे?"

तिने लिहून घेतलं. म्हणाली, असं असेल तर आधी डॉक्टरांनी बघायला हवं, जुनं कार्ड घेऊन या. मी म्हटलं, कार्ड घर बदलताना गेलं. मग माझ्याकडे वळली, "आजी, तुम्ही तरी?" मी म्हटलं, माझ्या लहानपणी देवीची लस टोचलीय, आता या वयात नको. ती म्हणाली, ती जुनी लस याही रोगाला थोडीफार उपयोगी पडते, पण त्याला साठ-पासष्ट वर्षं झाली. मी तांदूळ निवडायला घेतले. माणसाला उठवायचं असलं की मी तांदूळ निवडते.

ती गेल्यावर भिंगरी म्हणाली, "आजी, मी मरता मरता वाचले होते? कधी सांगितलं नाहीस."

"सगळं सांगायला तू काय माझी सासू आहेस?"

खोटं बोलले. साफ खोटं. भिंगरीला मुंगी चावून कधी सूज आली नाही. पण एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही.

गुरुवार, ६ तारीख

दोघींना ताप नाही.

संध्याकाळी धाकट्याचा मित्र आला. पोहायला शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. यालाही हाच रोग झाला होता, धाकट्याच्या आधी. आता बरा आहे, नुसते डाग राहिलेत. वर जायचं नाही म्हटल्यावर जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला आणि दाराकडे तोंड करून बोलत राहिला. तास झाला तरी उठेना. मी म्हटलं, अरे, तुला घरदार आहे की नाही? म्हणाला, आहे ना आई, तिथे करमत नाही.

माझ्याकडून पातेलं मागून घेतलं आणि धाकट्यासाठी चहा टाकला. आलं नाही, साखर अर्धाच चमचा. म्हटलं, याला साखर कमी लागते हे तुला कुणी सांगितलं? मलाच माहीत नव्हतं, मी आपली दोन चमचे घालते आणि तो मुकाट पितो.

शनिवार, ८ तारीख

ताप नाही. भिंगरी सारखी हात बघते. बसली की बघते, इस्त्री तापेपर्यंत बघते. मी ओरडले, हाताला काय आरसे लावलेत? तर म्हणाली, "नर्सबाई म्हणाली, लक्ष ठेवा. आजी, मला खरंच नाही का चालणार लस? डॉक्टरांना विचारून तरी येऊ?"

म्हटलं, लॉजच्या शंभर चादरी पडल्यात, त्यांना विचार आधी.

आता लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी बऱ्याच नको त्या गोष्टी सांगितल्या.

मला थोरली बहीण होती. अक्का. ती नऊ वर्षांची, मी सहाची. तिलाही इसब होता, भिंगरीसारखाच, कोपरात आणि गुडघ्यामागे. शाळेत देवी काढणारा आला. आईने निरोप दिला होता, थोरलीला इसब आहे. तो म्हणाला, मग हिला नको, इसबवाल्यांना ही लस वाईट, आणि अक्काला रांगेतून बाहेर काढलं. माझ्या दंडावर सुईने ओरखडलं. तिसऱ्या दिवशी लाल झालं, आठव्या दिवशी पुवाने भरलेला मोठा फोड आला. मला कामं माफ झाली. अक्काला झाडू मारायला लागायचा. तिला फार राग यायचा, आणि मी मुद्दाम फोड दाखवून चिडवायची.

आम्ही एका अंथरुणात झोपायचो.

मग अक्काच्या कोपरात तसलेच फोड आले. मग गुडघ्यामागे, मग तोंडावर, मग मोजायचं कुणी? तिसऱ्या आठवड्यात गेली. डॉक्टर दाराबाहेर आईला म्हणाले, धाकटीच्या दंडावरून हिच्या अंगावर गेलं. मी दारामागे होते. आई मला एक शब्द बोलली नाही. माझं अंथरूण तेवढं वेगळं घातलं. त्यानंतर चाळीस वर्षं जगली, तेव्हाही बोलली नाही.

तर भिंगरीला लस नाही, आणि या घरात भिंगरीच्या आसपास दुसऱ्या कुणालाही लस नाही. नर्सबाईला काय जातंय सांगायला.

सोमवार, १० तारीख

धाकट्याचे जुने फोड वाळायला लागलेत, नवे नाहीत. रात्री कण्हतो ते मात्र खालीपर्यंत ऐकू येतं. नको त्या जागी फोड आहेत, बसताही येत नाही. नर्सबाई म्हणते, बहुतेकांचा आपोआप बरा होतो, पण काहींना फार त्रास देतो, डोळ्यात गेला, फुप्फुसात गेला, तर जिवावर येतं. ती बहुतेकांचं बोलते आणि माझ्या डोक्यात काहींचं राहतं.

मास्तर पायरीवर बसला होता. मग आपणहून म्हणाला, "आई, मला लस घ्या म्हणून मागेच निरोप आला होता. मी पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत राहिलो. घेतली असती तर कदाचित मला झाला नसता, आणि माझ्यामुळे याला झाला नसता."

मी म्हटलं, "आणि लशीचा फोड आला असता आणि तो दुसऱ्या कुणाला चिकटला असता तर? ते बरं झालं असतं का?"

"कसला फोड?"

"लशीचा. दंडावरचा."

"या लशीला फोड येत नाही आई. माझ्या बहिणीने घेतली. दोन दिवस हात दुखला, जरा लाल झालं, बस."

फोड येत नाही तर ती लस कशी? पाणी टोचतात का? मी त्याला वेड्यात काढलं. पण मग स्वयंपाक करताना मीठ दोनदा घातलं गेलं. भिंगरीने तसंच खाल्लं.

मंगळवार, ११ तारीख

केंद्रावर एकटीच गेले. भिंगरीला सांगितलं, साबण आणायला जाते.

नर्सबाईला म्हटलं, माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिच्या बहिणीचं लहानपणी असं असं झालं. ती बाई विचारत होती. नर्सबाई माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून जवळ बसली, आणि म्हणाली, "त्या बाईंना सांगा, त्यांचं काही चुकत नाही. असं व्हायचं. क्वचित, पण व्हायचं. जुन्या लशीत जिवंत विषाणू होता. तो टोचलेल्या जागी वाढायचा, म्हणून फोड यायचा, आणि फोडातून दुसऱ्याला लागायचा. इसबवाल्यांना तर फारच वाईट. म्हणून त्यांना देत नसत."

"आणि आताची?"

"आता आम्ही देतो त्यातला विषाणू माणसाच्या अंगात वाढू शकत नाही. वाढत नाही म्हणून फोड नाही. फोड नाही म्हणून दुसऱ्याला लागायचा प्रश्न नाही. इसब असला तरी देता येते. अंगाला फक्त ओळख पटते, की हा असा दिसतो, आला की हाणायचा."

म्हणजे विरजण घातलं, पण दही लागणार नाही. तरी भांड्याला आंबट म्हणजे काय ते कळलं. हे मी बोलून दाखवलं तर ती हसली आणि म्हणाली, असंच समजा.

खरं सांगायचं तर समजलं आणि नाहीही. तेव्हाचा डॉक्टरही शहाणाच होता, बूट घालून आला होता. त्यालाही सगळं ठाऊक होतं. यांनाही सगळं ठाऊक आहे. फरक एवढाच दिसला, की तेव्हा कुणी खुर्ची ओढून बसलं नव्हतं.

उठताना तिने विचारलं, "आजी, नातीला लहानपणी खरंच सूज आली होती?"

मी छत्री शोधत राहिले. छत्री नेलीच नव्हती.

बुधवार, १२ तारीख

सकाळी भिंगरी इस्त्री करत होती. म्हटलं, चल, लस घ्यायची.

"मला सूज येते ना?"

"नाही येत. कधीच आली नव्हती."

तिने इस्त्री उभी केली. मी एका दमात सांगितलं, अक्काला इसब होता, अक्का देवीच्या लशीने गेली, म्हणून मी घाबरले, आणि ही लस वेगळी आहे. कुणाच्या दंडावरून, ते सांगितलं नाही. तेवढं तोंडातून बाहेर येईना.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्याशी लढता येतं. ती हळूच म्हणाली, "आठ दिवस झाले आजी. रोज उठल्यावर मी आधी हात बघते आणि मग दात घासते. हे तू पहिल्याच दिवशी नर्सबाईला विचारलं असतंस तर?"

"वायर तापलीय, बटण बंद कर," मी म्हटलं.

केंद्रावर पाच मिनिटांत झालं. दंडात, कातडीखाली, बारीकशी सुई. ओरखडा नाही, काही नाही. दुसरी अठ्ठावीस दिवसांनी. नर्सबाईने मला बोटाने खुणावलं, तुम्ही? मी म्हटलं, एका घरातून एक पुरे. परत येताना भिंगरी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत होती.

गुरुवार, १३ तारीख

हात दुखतो म्हणाली. मला नाही, मास्तरला म्हणाली.

रविवार, १६ तारीख

भिंगरीला ताप. एकशे एक. वहीत पुढे लिहिताना एकचा आकडा दोनदा खोडला.

नर्सबाईला फोन केला. तिने भिंगरीला वरच्या दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं. वर आता दोघं, खाली मी एकटी आणि शंभर चादरी. धुणाऱ्या बाईने यायचं बंद केलंय. तिला काय बोलणार, मीही आले नसते.

मंगळवार, १८ तारीख

भिंगरीच्या उजव्या मनगटावर चार फोड.

आता हे लशीचे की रोगाचे? लशीचे असतील तर मी नेलं म्हणून. रोगाचे असतील तर मी आधी नेलं नाही म्हणून, आणि चादर झटकायला लावली म्हणून. कुठूनही मोजलं तरी गाडी माझ्याच दारात येऊन थांबते. मास्तर म्हणाला, "आई, लस घेतली आणि मग फोड आले म्हणजे लशीने आले असं नसतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला." मी म्हटलं, माझ्या घरात कावळे बसतातच का पण?

नर्सबाईने कापूस फिरवून नेला. तीही तेच म्हणाली, ही लस फोड आणूच शकत नाही.

गुरुवार, २० तारीख

रोगाचेच. फोड नऊ झालेत.

मी नर्सबाईला धरलं. म्हटलं, एक काय ते सांगा, पहिल्या दिवशी दिली असती तर आला नसता ना? ती म्हणाली, "बहुधा नसता आला. पण लस घेऊनही काहींना येतो, आजी, मग हलका येतो. हिला उशिरा मिळाली तरी जोर कमी राहील अशी आशा आहे. नक्की असं कुणीच सांगू शकणार नाही."

मला हो किंवा नाही पाहिजे होतं. तिने दोन्ही दिलं.

डॉक्टर येऊन गेले. इसबाच्या भेगांवर लक्ष ठेवायला सांगितलं. तिथे पसरले, किंवा डोळा दुखला, किंवा श्वास लागला, तर थांबू नका, आणा. मी हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून ताट दारात ठेवते आणि विचारते, किती? ती आतून आकडा सांगते. दुसरं काही सांगत नाही.

शुक्रवार, २१ तारीख

तेरा. एक कोपराच्या खोबणीत आहे म्हणाली.

अक्काचा पहिला तिथेच आला होता.

शनिवार, २२ तारीख

चौदा. दिवसभर चार वेळा जिना चढले. गुडघे माझे नाहीतच असं समजून चढते. शेवटच्या वेळी ती आतून वैतागली, "आजी, ते काय दूध आहे का उतू जायला? जा खाली."

किती बरं वाटलं म्हणून सांगू. पाच शब्दांच्या वर बोलली.

सोमवार, २४ तारीख

चौदाच. ताप उतरला. कोपरात तो एकच राहिला, पसरला नाही.

लशीने थांबवलं, तिच्या वयाने थांबवलं, की नशिबाने? नर्सबाई म्हणते, तिघांनाही थोडं थोडं श्रेय द्या. मी कुणाला द्यायचं ते ठरवलेलं नाही.

धाकट्याच्या खपल्या सगळ्या पडल्या, खाली नवी कातडी आली. आज त्याला बाहेर सोडलं. मास्तर आला, जिना चढून वर गेला. मला वाटलं आता काय गप्पा झोडतील. चहा घेऊन गेले तर दोघं खाटेवर शेजारी नुसते बसलेले, एक शब्द नाही. मास्तरचे डोळे लाल. इतके दिवस दारातून ओरडून बोलायचे, आणि समोरासमोर आले तर बोलती बंद. पुरुषांचं काही खरं नाही. म्हटलं, मास्तर, रोज येतोच आहेस, तर जेवायलाच येत जा, पायरी झिजवू नकोस. धाकट्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला घर लिहून दिलं.

गुरुवार, २७ तारीख

मी लस घेतली.

का घेतली ते नीट सांगता येत नाही. नर्सबाई रोजच म्हणत होती, दोन आजारी माणसं सांभाळताय, पुढेही लोकांच्या चादरी हाताळणार आहात, तुमची जुनी लस किती उरलीय देव जाणे. पण त्यामुळे नाही घेतली. भिंगरीला तीन आठवड्यांपूर्वीच घे म्हणायला हवं होतं आणि आता मीच नको म्हणत हिंडत होते, हे बरं दिसेना.

जुनी खूण डाव्या दंडावर आहे म्हणून उजवा पुढे केला. सुई शिरताना डोळे मिटले. नर्सबाई म्हणाली, झालं. मी म्हटलं, टोचा ना मग. ती म्हणाली, झालं आजी.

घरी येऊन माझं ताट, वाटी, पांघरूण वेगळं केलं. मला ठाऊक आहे, ही लस कुणाला लागत नाही. मला हेही ठाऊक आहे, की भिंगरीला रोगच होऊन गेलाय, आता लशीने काय व्हायचं? सगळं ठाऊक आहे. तरी ताट वेगळं केलं.

शुक्रवार, २८ तारीख

दंड दुखतो. फोड नाही.

रविवार, ३० तारीख

तिसरा दिवस. आमच्या वेळी आज लाल व्हायचं. थोडं लाल आहे. फार नाही. की आहे? खिडकीत जाऊन पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. दोन्हीकडे वेगळं दिसतं.

फोड नाही.

मंगळवार, २ तारीख

लाल गेलं. फोड नाही. धाकटा म्हणाला, आई, सारखी बाही वर करून काय बघतेस, कुस्तीला उतरणार आहेस का?

शुक्रवार, ५ तारीख

आठवा दिवस. फोड नाही.

विसरून लॉजची एक चादर झटकायला घेतली आणि तशीच गुंडाळली. आत काय होतं देव जाणे. कवळी असेल तर उकळून निघाली.

रविवार, ७ तारीख

भिंगरीच्या खपल्या पडल्या. नर्सबाई येऊन तपासून गेली. दुसरी लस नको म्हणाली, रोगानेच ओळख करून दिली. मनगटावर चार खड्डे राहतील असं दिसतं. बाकीचे भरतील.

दुपारी ती खाली आली. तीन आठवड्यांनी. वाळली आहे. मी चादरी गुंडाळत होते, उठले नाही. तिने सगळीकडे पाहिलं. फळीवर माझं ताट वेगळं, वाटी वेगळी, कोपऱ्यात पांघरूण वेगळं. माझी उजवी बाही वर खोचलेली.

"काका सांगत होता, तू दिवसभर दंड बघत असतेस," ती म्हणाली.

"त्याला गाडी पुसायला सांग."

ती समोर येऊन बसली. मग विचारलं, "आजी, अक्काला लस दिलीच नव्हती ना?"

चादरीचं टोक सापडत नव्हतं, ते शोधत राहिले.

तिने माझा हात धरला. हातमोजे नाहीत, काही नाही, भेगाळलेल्या बोटांनी. मी ओढला, तिने सोडला नाही. उठवून मला मागच्या दारात उजेडाला नेलं, दंड वळवला, अंगठ्याने कातडी ताणून वरपासून कोपरापर्यंत पाहिला.

"काही नाही आजी. नुसता दंड आहे."

"नीट बघ," मी म्हटलं.

तिने पुन्हा पाहिला.